सहा छपरं आणि माझा अहवाल

माझा टायपिंगचा वेग लई होता. साहेबांचं वाक्य तोंडात असतानाच ते माझ्या कागदावर उतरलेलं असायचं, आणि कधी कधी साहेबांच्या मनात नसलेलंही उतरायचं. याच गुणावर मला विद्यापीठाच्या वाणिज्य विभागात नोकरी लागली. विभागाच्या मागं दोन खोल्या होत्या आणि दारावर पाटी होती, 'व्यापार-उद्योग संशोधन व सेवा केंद्र'. एका खोलीत संशोधन, दुसरीत सेवा. संशोधनाच्या खोलीत संचालकसाहेब बसायचे. सेवेच्या खोलीत मी, एक टाइपरायटर आणि शाई गळणारं सायक्लोस्टाइलचं यंत्र. सेवा घ्यायला कुणी म्हणजे कुणी यायचं नाही. एकदा एक म्हातारा दार ढकलून आत आला, तर मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. त्याला मुतारी कुठं आहे ते पाहिजे होतं. मी त्याला व्हरांड्यापर्यंत नेऊन नीट दाखवली आणि महिन्याच्या तक्त्यात 'सेवा दिलेल्या व्यक्ती : एक' असं टाइप केलं.

विद्यापीठ नवं, राज्य नवं, केंद्र तर त्याहून नवं. लोहाऱ्याला आमच्या दादांनी शाळा केली ती उर्दूत, मी केली मराठीत, आणि आता केंद्रात साहेब बोलायचे ते इंग्रजीत. सगळ्यांनाच काहीतरी सुधारायची घाई झालेली. मला जरा जास्तच.

साहेब सहा महिने परदेशात राहून आले होते. येताना त्यांनी एक स्टॉपवॉच आणलं होतं. ते मऊ फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवायचे. काम करताना माणूस किती वेळा हात हलवतो, किती पावलं चालतो, हे त्या घड्याळानं मोजायचं आणि त्यातली फुकट जाणारी हालचाल काढून टाकायची, असं ते शास्त्र. साहेबांनी ते मला एकदा समजावलं आणि त्या दिवसापासून मला माणसंच दिसेनात, नुसती फुकट जाणारी हालचाल दिसायला लागली. खानावळीतला वाढपी भाजीची बादली घेऊन दोनदा चुकीच्या टोकाला गेला, तर मला जेवण गोड लागेना.

मग लहान उद्योगांची पाहणी करायचं पत्र आलं. जे प्राध्यापक जाणार होते त्यांना कावीळ झाली. साहेब माझ्या खोलीत आले.

"तू उस्मानाबादकडचा ना रे?"

"व्हय सर. लोहाऱ्याचा."

"तेरखेडा माहीत आहे?"

"माहीत म्हणजे काय सर! दिवाळीचे फटाके तिथलेच की!"

झालं. लहानपणी फटाके उडवले होते, एवढ्या अनुभवावर मी अन्वेषक झालो. साहेबांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "हे क्षणभरसुद्धा हातातून सोडायचं नाही." मी ते छातीशी धरून येरमाळ्यापर्यंत एसटीत उभा राहून गेलो. बसायला जागा होती.

तेरखेड्याला गावाबाहेर, खडकाळ माळावर एका घराचं दारूकाम चालायचं. दारूकाम म्हणजे शोभेची दारू, फटाके, भुईनळे, बाण. घरातला कर्ता माणूस साठीच्या आसपासचा, दाढी पांढरी, डोक्याला फडकं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. घरची पाच-सहा माणसं कामाला, त्यात त्यांची सून.

"कोण म्हणायचं तुमी?" चाचांनी विचारलं.

"विद्यापीठातून आलोय. संशोधन करायला."

"कशाचं?"

"तुमचं."

"म्या काय केलं?"

मी सगळं सांगितलं. वेळ मोजणार, हालचाल मोजणार, मग तुमचं काम लई सोपं होणार. चाचा ऐकत होते, पण त्यांचे डोळे माझ्या हातावर होते.

"हातात काय हाय ते?"

"स्टॉपवॉच. परदेशी."

"कशाचं?"

"स्टीलचं असंल."

"मंग ते त्या लिंबाखाली. आन तुमी बी लिंबाखाली. वहाणेला खिळे हायत तुमच्या."

"चाचा, वहाणा काढतो की. पण घड्याळ..."

"घड्याळ ठिवा आन अनवाणी या. पायजे तेवढं बघा, पायजे तेवढं इचारा. लोखंड तेवढं आत न्हाय."

म्हणजे घड्याळ ठेवून काम बघता येत होतं, नाहीतर काम न बघता घड्याळ धरता येत होतं. मी घड्याळ धरलं. तीन दिवस त्या लिंबाखाली बसलो आणि माझं काय चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

लिंबाखालून काय दिसायचं? माळावर सहा छपरं. एकात गंधक, सोरा, कोळसा वेगवेगळा कुटायचे, एकात चाचा एकटे बसून ते मिसळायचे, एकात भरणं, एकात वाती वळणं, एकात कागद गुंडाळणं, आणि शेवटच्यात तयार माल. प्रत्येक छपरात एखादंच माणूस. आणि एका छपरापासून दुसरं छप्पर एवढं लांब, की मधे एखादं घर आरामात बसावं. आतलं काही दिसायचं नाही. दिसायची ती फक्त सून. वेताची टोपली घेऊन एका छपरातून निघायची, हळू हळू चालत दुसऱ्यात जायची, तिथून तिसऱ्यात, मग परत. दिवसभर. ती निघाली की मी खटका दाबायचो, पोचली की दाबायचो. वहीत लिहायचो, 'चालण्याची गती असमाधानकारक'.

दुसऱ्या दिवशी ती च्या घेऊन लिंबापाशी आली.

"भैया, म्या चालले की तुमी बोट दाबता, थांबले की दाबता. बोट दुखत असंल. घ्या, च्या प्या."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी गंभीर चेहऱ्यानं च्या प्यालो आणि च्याला लागलेला वेळ वजा केला.

परत आल्यावर दोन दिवसांत अहवाल तयार! टाइपरायटर तापला म्हटलं तरी चालेल. मी लिहिलं की या उद्योगातला बहुतेक वेळ चालण्यात जातो, एक बाई आठवड्यात तुळजापूरला जाऊन येईल एवढं चालते. एक वेगळं प्रकरण 'गैरसमजुती' या मथळ्याचं केलं. त्यात टाइप केलं, 'कारागीर कामाच्या जागी लोखंडी वस्तू नेऊ देत नाहीत. हा परंपरागत भ्रम असून प्रबोधनाची नितांत गरज आहे.' आता माझे आजोबा चकमकीवर लोखंड मारून विडी पेटवायचे, ठिणगी कशी उडते ते मी गुडघ्याएवढा होतो तेव्हापासून बघत आलो होतो. पण ते ज्ञान लोहाऱ्याचं आणि हा अहवाल विद्यापीठाचा. दोघांची ओळखच नव्हती.

शेवटी शिफारस. 'सर्व कामे एकाच प्रशस्त छपराखाली आणावीत.' सोबत पट्टीनं आखलेला नकाशा. एक लांब छप्पर, त्यात सगळी माणसं रांगेनं, खांद्याला खांदा लावून. साहेबांनी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं. "उत्तम! चालणं शून्यावर आणलंस!" म्हणाले आणि सही केली. मी दिवसभर हवेत.

खरं तर एवढ्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. अहवाल कपाटात गेला असता आणि तिथं त्याला कुणी त्रास दिला नसता. पण मी कार्बन लावून पाच प्रती काढल्या होत्या आणि साहेबांना लागल्या तीन. दोन प्रती उरल्या. माझं लिहिलेलं कुणीतरी वाचावं, या विचारानं मला चैन पडेना. एक प्रत चाचांना पोस्टानं पाठवली. दुसरी धाराशिवला, म्हणजे उस्मानाबादला, ज्या कचेरीतून फटाक्यांचा परवाना मिळतो तिथं. वर चार ओळींचं पत्र, आणि शेवटी 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'. कार्यवाही कुणी करावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पत्र संपवताना बोटं आपोआप तसं टाइप करायची.

काही दिवसांनी पोस्टकार्ड आलं. तेरखेड्याचं. दोनच ओळी. 'कागद मिळाला. तुम्ही स्वतः या. लवकर.'

मी केंद्रात सगळ्यांना दाखवलं. शिपायाला दोनदा. सत्कार असणार, दुसरं काय! सदरा इस्त्री करून घेतला. एसटीत बसल्या बसल्या छोटं भाषण पाठ केलं. 'मी निमित्तमात्र' अशी सुरुवात होती त्याची. तेरखेड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा हार-नारळ घेऊन कुणी उभं आहे का, ते मी खरंच बघितलं. एक शेळी होती.

माळावर गेलो तर सामसूम. सहाही छपरांच्या दारांना दोरी आणि दोरीवर लाखेचं सील. चाचा लिंबाखाली बसले होते.

"या साहेब. बसा. तुमचीच जागा हाय."

मी बसलो. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. सून मराठी चौथी झालेली. तिच्या हातात कचेरीचं पत्र होतं. चाचा म्हणाले, "वाच बेटा. साहेबाला ऐकू दे त्यांचंच."

तिनं वाचलं, अडखळत, एकेक शब्द. विद्यापीठाच्या अहवालानुसार सदर ठिकाणी सहा छपरांची मांडणी सदोष आहे. कारागिरांमध्ये गैरसमजुती आहेत. एका छपराचा सुधारित नकाशा सादर होईपर्यंत परवान्याचं नूतनीकरण स्थगित.

"स्थगित म्हंजी?" चाचांनी मला विचारलं. त्यांना माहीत होतं.

"थांबवलंय."

"दिवाळी बी थांबवली का त्यांनी?"

दसरा तोंडावर आला होता. यांचं वर्षभराचं पोट या दोन महिन्यांवर. कळंबच्या दुकानदारानं माल सांगून ठेवलेला, आणि यांचे हात मांडीवर.

"चाचा, एक छप्पर बांधून टाकू की," मी म्हणालो. व्हय, अजून म्हणालो! "नकाशा तयारच आहे. उलट तुमचा फायदाच..."

सुनेनं कपाळावर हात मारला. चाचा उठले. "वहाणा काढा. घड्याळ बी ठिवा."

या वेळी ठेवलं. त्यांच्या मागनं अनवाणी निघालो. सहाव्या छपराच्याही पलीकडं नेलं त्यांनी. तिथं दगडाचं एक जोतं होतं, काळं पडलेलं. वर काही नाही.

"हे सातवं," चाचा म्हणाले.

"कशाचं?"

"छप्पर. व्हतं." मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. दोन बोटं नव्हती. तीन दिवस मी या माणसाच्या माळावर हालचाल मोजली होती आणि मला त्याची बोटं दिसली नव्हती. "आत म्या एकटाच व्हतो. पत्रा उडून तुमच्या त्या लिंबापाशी पडला. म्या हितं. आमची बायको त्या तिकडच्या छपरात वाती वळत बसलेली. तिच्या सुपातली वात हलली न्हाय. आता सांगा, तुमच्या नकाशात ती कुठं बसंल?"

नकाशा मला तोंडपाठ होता. वाती वळणारी बाई मी दारू भरणाऱ्याच्या अगदी शेजारी बसवली होती. तिचा हात लांब करायचा त्रास वाचावा म्हणून.

आणि त्यावर मी विचारलं काय, "आणि भाभी एवढ्या हळू का चालतात?"

मागनं सून म्हणाली, "दारू घेऊन पळायचं असतंय व्हय, भैया?"

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन धाराशिवला गेलो. परवान्याचा कारकून चांगला माणूस होता. त्यानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. छपरं एकमेकांपासून लांबच असली पाहिजेत, असं त्यात छापलेलं!

"मग हे बरोबरच आहेत की!" मी ओरडलोच.

"बरोबरच आहेत."

"मग अडवलं कशाला?"

"नियम जुना, अहवाल नवा. त्यात विद्यापीठाचा. आणि टाइप बघा किती स्वच्छ केलाय. एक खाडाखोड नाही."

"मीच केलाय," मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा मला बरं वाटलं.

"फाडून टाका तो," मीच पुढं म्हणालो.

"फाडता येत नाही. आवक नंबर पडलाय. विद्यापीठाचाच दुसरा कागद आणा, म्हणजे हा मागं पडेल."

चाचा बाहेर आल्यावर म्हणाले, "निजामाच्या टायमाला परवाना एका पानाचा व्हता. आता शिकल्याली लोकं वाढली." आणि मग, "चल बाबू. कुठं हाय तुझं ते इद्यापीठ?"

साहेब वरनं बाबू झालो होतो. तुमचंही तुझं झालं होतं. मला ते योग्यच वाटलं.

दिवसभर एसटीत बसून आम्ही पोचलो. चाचांना सेवेच्या खोलीतल्या बाकावर बसवलं आणि मी साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं. प्रती मी पाठवल्या हेसुद्धा. मला वाटलं नोकरी गेली. साहेबांनी तो नकाशा पुढं ओढला. सही त्यांचीच होती खाली. मग म्हणाले, "पुरवणी अहवाल दे. पण 'चूक झाली' असं केंद्र लिहीत नसतं. 'अधिक अभ्यासांती असे आढळते की' असं लिही."

मी खोलीत आलो आणि धडाधड टाइप केलं. अधिक अभ्यासांती, विविध घटकांचा साकल्यानं विचार करता, पुनर्विचारास वाव आहे असे दिसते. चांगलं दीड पान झालं. चाचा म्हणाले, "वाच."

मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"ह्यात कोण चुकलं?"

"तसं थेट नाही लिहिलं, चाचा."

"मला कळंना. मंग त्या कचेरीवाल्याला काय कळायचं? तो म्हणंल अजून अभ्यास चाललाय, थांबा. आन आमी थांबायचं. दिवाळीच्या पल्याड."

कागद मशीनमधून काढला. नवा लावला. आणि माझी बोटं, जी कधी थांबत नव्हती, ती एकेक अक्षर शोधायला लागली. 'सदर अन्वेषकाने काम पाहिले नाही. त्याने झाडाखाली बसून फक्त चालणे पाहिले. छपरांमधले अंतर हीच तेथील सुरक्षितता आहे. लोखंडाबाबतची काळजी योग्य आहे. भ्रम अन्वेषकाचा होता. आधीचा अहवाल रद्द समजावा.' एवढ्याला अर्धा तास लागला. शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला, मशीन बिघडलं का म्हणून.

"आता कळलं," चाचा म्हणाले.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. 'झाडाखाली बसून' यावर पेन्सिल टेकवली, खोडतील असं वाटलं, पण उचलली. सही केली. "खाली तू पण कर," म्हणाले. "आणि प्रती किती काढल्यास?"

"एकच, सर."

कागद कचेरीत पोचला, पण कचेरीचे पाय आपल्या चालीनं चालतात. रोज मी कुणाला तरी पत्र, कुणाला तरी फोन. फोन विभागप्रमुखांच्या खोलीत होता, त्यांनी शेवटी दार लावून घ्यायला सुरुवात केली. दसरा गेला. कोजागिरी गेली. मग एकदाचं कळलं, अधिकारी जागा बघायला जाणार आहेत आणि अहवाल देणाऱ्यानं हजर राहायचं आहे.

अधिकाऱ्यांनी टेप काढला आणि छपरांमधलं अंतर मोजलं. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो, मला लपायलाही जागा नव्हती. शेवटी त्यांनी तिथंच, लिंबाखाली, कागदावर सही केली आणि सीलं काढून टाकली.

चाचांनी परवाना सुनेकडं दिला. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत सगळा मोठ्यानं वाचला. 'सहा छपरे' या शब्दांवर चाचांनी मान हलवली, तारखेवर परत एकदा हलवली. मग म्हणाले, "चला." घरची माणसं वहाणा काढून आपापल्या छपराकडं गेली. कुणी पळालं नाही. दिवाळीला नऊ दिवस राहिले होते.

मी मागं मागं गेलो. "चाचा, कळंबचा माल?"

"गेला. त्यानं दुसरीकडून उचलला. आता येरमाळ्याचा बाजार हाय, हितलं गाव हाय. निम्मं तरी निघंल."

"मी काही मदत करू? टोपली उचलतो, चालतो..."

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नगं."

मला राहवेना. "चाचा, राग तर नाही ना?"

"राग हाय की!" ते चालता चालताच म्हणाले. "लई हाय. पण आता येळ न्हाय. दिवाळी झाल्यावर ये, मंग बोलू."

दिवाळी झाल्यावर मी गेलो. ते सकाळी सुरू झाले ते दुपार कलेपर्यंत बोलले. मधे सुनेनं दोनदा च्या आणला, एकदा भाकरी आणली, आणि दर वेळी जाता जाता म्हणाली, "अजून हाय बरं का, भैया."